टीव्हीवरची हरणी

राहू, ता. दौंड
९ जानेवारी १९९८

राबिया,

आधी खुशाली लिहायची रीत हाय, पण आज तेवढा दम निघत न्हाई. बातमी ऐक. आमची हरणी टीव्हीवर येणार हाय.

काल तुझे मालक, इनुसभाऊ, पुण्याच्या दोन माणसांना घेऊन वस्तीवर आले. चहात घालायच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात काढायची म्हणून ती माणसं गाय शोधत फिरत हायत. इनुसभाऊ त्यांच्यासाठी पुण्यात बोर्ड रंगवायचे, तिथली ओळख. त्यांना पाहिजे होती कॅलेंडरातली गाय. पांढरीशुभ्र, वर वशिंड, मोठी शिंगं, बाजूला वासरू. इनुसभाऊ हसून म्हणाले, तसली गाय कॅलेंडरातच, शिरूर-दौंडात दूध देतात त्या या काळ्या-पांढऱ्या गाई.

मग त्यांनी आमच्या गोठ्यात बघितलं. सहा गाई. हरणीनं मान वर केली आन् त्यांच्यातल्या चष्मेवाल्याकडं बघत राहिली. तो म्हणाला, हीच. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय, पानासारखा, तोच त्याला आवडला. दुसरं वेत हाय तिचं, महिन्याची कालवड खाली हाय, दिवसाला वीस लिटरवर दूध देते. पण हे त्यानं विचारलंच न्हाई.

आत्याबाईंना काही पटलं न्हाई. माझ्या सासूबाई, गिताबाई, तुला माहीतच हाय. त्या म्हणाल्या, हिला वशिंड न्हाई, हिच्या पोटात तेहतीस कोटी देव बसायचे कुठं? आमचे सासरे, मल्हारीआबा, यांचंही मन होईना. आबांचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेला. जनावर बाहेरच्या माणसाच्या हाती द्यायचं म्हटलं की त्यांना नको वाटतं. शेवटी आमच्या यांनी, बिरदेवनं, होकार दिला. इनुसभाऊ स्वतः हजर राहणार म्हटल्यावर आबाही मग तयार झाले.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला यायची हायत. मला एका जागी बसवत न्हाई. भाकरी टाकताना उठून गोठ्यात जाऊन येते. तळेगावच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो, तवा तू म्हणायचीस, सुषमा, तुझ्या पायाला भिंगरी हाय. ती लग्न होऊन सात वर्षं झाली तरी सुटली न्हाई.

तुझी
सुषमा


शिरूर
२० जानेवारी १९९८

सुषमा,

पत्र मिळालं. तुझी बातमी मला आधीच कळली होती, पण तू लिहिलेली वाचायला जास्त मजा आली. आमच्याकडे यांना दुसरा विषयच नाही. जेवताना हरणी, चहा पिताना हरणी. अझरुद्दीन आता चार वर्षांचा झाला, तो विचारतो, अब्बा, गाय टीव्हीच्या आत कशी मावणार?

आणखी एक चांगली बातमी. तुमच्या राहूच्या शाळेच्या सगळ्या भिंती रंगवायचं काम यांना मिळालंय. पाढे, नकाशे, फळं, जनावरं. गावाच्या बाजूने तुझ्या आबांनीच शब्द टाकला. आतापर्यंत हे दुकानांचे बोर्ड आणि ट्रकच्या पाट्या रंगवत आले. मुलं रोज बघतील असं काहीतरी काढायची यांची फार इच्छा होती. रात्रंदिवस कागदावर नुसते बैल, गाई, मोर चाललेत.

जाहिरातीत नटी कोण येणार, तिचे कपडे कसले, तिनं दूध काढलं का, सगळं लिही. आणि तू नवीन साडी नेसून मधेमधे उभी राहा. कोण जाणे, तुझा एखादा कोपरा तरी दिसेल.

राबिया


राहू
६ फेब्रुवारी १९९८

राबिया,

काल सगळं झालं. तू सगळं लिही म्हटलं होतंस, पण आज डोकं ठिकाणावर न्हाई, तवा जमेल तसं लिहिते.

सकाळी सात वाजता दोन गाड्या आल्या. गोठ्याचं शेण त्यांनी आधी काढायला लावलं, मग जमिनीवर पिवळा पेंढा पसरला. आमच्याकडं पेंढा असतो कुठं, त्यांनी मावळातनं आणला होता. हरणीला शांपूनं धुतलं. गळ्यात पितळी घंटा बांधली. तिनं कधी घंटा घातलेली न्हाई, मान हलवली की दचकायची.

नटी मुंबईची, नाजूक, बोलायला गोड. तिनं हरणीला हातानं कणीक-गुळाचा गोळा खाऊ घालायचा, हरणीनं तो जिभेनं ओढून घ्यायचा आन् मग नटीनं कॅमेऱ्याकडं बघून हसायचं, एवढंच काम होतं. पण हरणीनं जीभ बाहेर काढली की ती ओरडून हात मागं घ्यायची. दुपारपर्यंत तेच चाललं. मग कसंतरी झालं एकदाचं.

आबा आन् हे दोघंही दौंडला गेले होते, पंपाची मोटर आणायला. आत्याबाई पाहुण्यांकडं. घरचं असं मी एकटीच होते, आन् इनुसभाऊ.

हरणीनं काल रात्रीपासून वैरणीला तोंड लावलं न्हाई. रवंथ पण करत न्हाई. आज धारेला निम्मं दूधही न्हाई आलं. डॉक्टरला निरोप धाडलाय. थकली असंल. बरी होईल.

सुषमा


राहू
१२ फेब्रुवारी १९९८

राबिया,

हरणी गेली. रविवारी दुपारी.

डॉक्टर दोनदा आले. पोटात कणीक आंबली म्हणाले, तिचं आम्ल झालं आन् रक्तात उतरलं. सोडा पाजला, सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी ती पाय सोडून बसली ती उठलीच न्हाई. आबांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बांधाला खड्डा घेऊन तिला पुरली.

किती कणीक दिली म्हणून डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, त्या लोकांनी दिली, मला मोजता आली न्हाई. आबा म्हणाले, "ती माणसं शहरातली, त्यांना कळत न्हाई. पण ज्यानं आणली तो इथलाच हाय. त्यानं बघायला नको व्हतं?"

हे तर इनुसभाऊंचं नाव काढलं की उठून जातात. तू सध्या इकडं येऊ नको.

सुषमा


शिरूर
२५ फेब्रुवारी १९९८

सुषमा,

काय लिहू कळत नाही. यांनी घरी काही सांगितलंच नव्हतं; तुझं पत्र वाचलं आणि चूल तशीच सोडून बसले. हरणीला मी एकदाच पाहिली होती, तिनं माझी ओढणी चाटून ओली केली होती.

आबांचं चुकलं नाही. यांनी लक्ष द्यायला पाहिजे होतं. मी यांना तसं तोंडावर म्हणाले. तुम्ही तिथं उभे होतात, तुमचा शब्द होता, तुम्ही काय बघत होतात? यांनी ब्रश धुता धुता एवढंच म्हटलं, "व्हय, मी तिथंच व्हतो." पुढं एक अक्षर नाही. तीन वेळा विचारलं. मला त्या गप्प बसण्याचाच जास्त राग येतो.

तुमच्या गावातून निरोप आला, शाळेच्या भिंतींचं काम दुसऱ्या कुणाला दिलंय. यांनी काढलेली चित्रं कपाटावर ठेवून दिली. गाय गेली तिथं भिंतींचं काय घेऊन बसायचं.

पण एक गोष्ट सांगते, फक्त तुला. परवा बाजारात तुमच्या बाजूची एक बाई दुसरीला सांगत होती, गायच होती ना, मग त्यांना काय पडलंय. मी तिच्या शेजारी कांदे निवडत होते. 'त्यांना' म्हणजे आम्हाला, सुषमा. मी कांदे तसेच टाकून आले.

यांच्या वतीनं मी तुझी माफी मागते. तुझ्या आत्याबाईंची आणि आबांचीही. तू त्यांना सांग.

राबिया


शिरूर
१८ मे १९९८

सुषमा,

तीन महिने झाले. माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. परवा अम्मीकडे गेले होते, तिथून तळेगावच्या बाजारात गेले, तेव्हा मिरच्यांच्या ढिगापलीकडे तू दिसलीस. मी हात केला. तू पाहिलंस, मला खात्री आहे. आणि पिशवी उचलून जीपकडे गेलीस.

रागावली असशील तर तसं लिही. मी तो राग घेईन. घरातही आता बरं नाही. हे सकाळी जातात, उशिरा येतात, राहूच्या रस्त्यावरचं काम आलं तर नको म्हणतात. मी विचारते, उत्तर देत नाहीत. मग मी जास्त बोलते. अम्मी, तुला माहितीच आहे आमची जन्नतबी, ती म्हणते, नवऱ्याला इतकं टोचू नये. पण मी काय करू? ज्या माणसाला आपलं चुकलं असं म्हणता येत नाही, त्याच्याबरोबर कसं राहायचं?

राबिया


राहू
२ ऑगस्ट १९९८

राबिया,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते. आधीची तीन चुलीत घातली.

जाहिरात लागली. पंधरा दिवस झाले, रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी लागते. पहिल्या दिवशी तर सरपंचांच्या घरी सगळं गाव लोटलं होतं. हरणी दिसली आन् पोरं ओरडली. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. आता वस्तीवरची पोरं रोज त्या वेळेला पळत येतात, हरणी आली, हरणी आली म्हणत. आमच्या घरातला टीव्ही बंद ठेवावा म्हटलं, तर आबा म्हणतात असू दे, तेवढीच दिसते.

पाव मिनिटाची जाहिरात हाय. आधी हरणी मान वर करते. मग हंबरते. राबिया, तो आवाज हरणीचा न्हाई. दुसऱ्याच कुठल्या तरी गाईचा घातलाय. हरणी तशी कधी हंबरली न्हाई, तिचा आवाज जाड होता. मग एक हात येतो, तळव्यावर कणकेचा गोळा. हरणी जीभ काढते, गोळा घेते. मग नटी हसते.

आत्याबाई म्हणाल्या, मुंबईची बाई असून हात कसा राबणाऱ्या बाईचा दिसतो. सगळ्यांनी मान हलवली. कुणाला कळलं न्हाई.

तो हात माझा हाय.

नटीला जमेना तवा चष्मेवाला वैतागला. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझा हात हातात घेऊन उलटासुलटा केला आन् म्हणाला, बाई, तुम्हीच द्या, आपण नुसता हात घेऊ. मला हिरव्या बांगड्या दिल्या. मी तिथं उभी राहिले. सगळे दिवे माझ्या हातावर. एवढी माणसं माझ्याकडं बघून थांबली होती. मी लग्न करून आल्यापासून कुणी माझ्याकडं असं थांबून बघितलेलं न्हाई.

पहिला गोळा दिला. तो म्हणाला, परत. मग सावली पडली, परत. मग घंटा वाजली, परत. हरणी माझ्या हातचं कधी टाकायची न्हाई, तिनं प्रत्येक वेळी घेतलं. दोन पराती कणीक संपली. तिसरी मळायला मीच सांगितली.

मला माहीत होतं, राबिया. गुराला कणीक किती द्यायची हे आमच्याकडं लहान पोराला कळतं. आन् मला कळत असून मी थांबले न्हाई.

आता पुढचं. इनुसभाऊ दुसऱ्या परातीला जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "ताई, बास करा. जनावराच्या पोटात एवढी कणीक बरी न्हाई. मी सांगतो त्यांना, उद्या या म्हणून."

मी त्यांना म्हणाले, "इनुसभाऊ, गाय माझी हाय. मला कळतं."

सगळ्यांसमोर म्हणाले. ते मागं सरले. लिंबाखाली जाऊन उभे राहिले, तोंड फिरवून.

हरणी गेली त्या दिवशी ते वस्तीवर आले होते. हे त्यांना वाट्टेल ते बोलले. मी दारात उभी होते. इनुसभाऊंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. ते ऐकून घेऊन निघून गेले. तू म्हणतेस त्यांना आपलं चुकलं म्हणता येत न्हाई. त्यांचं चुकलंच न्हाई, मग ते काय म्हणणार? आन् माझं नाव त्यांनी तुलाही सांगितलं न्हाई.

तू माझी माफी मागितलीस ते पत्र माझ्या ट्रंकेत हाय. ते वाचायची माझी हिंमत न्हाई.

सुषमा


शिरूर
९ ऑगस्ट १९९८

सुषमा,

तुझं पत्र मी यांना दाखवलं नाही. विचारलं फक्त, त्या दिवशी तुम्ही थांबवायला गेला होतात का? हे म्हणाले, कुणी सांगितलं? मी म्हणाले, जिनं सांगायचं तिनंच. मग म्हणाले, "तिला त्या घरात राहायचंय. मला काय, मी चार महिने राहूला गेलो न्हाई तर काय बिघडतं?"

सहा महिने मी या माणसाला काय काय बोलले ते मला आठवतंय. तुला आठवायची गरज नाही, तू ऐकलेलं नाहीस.

मला लिहून तुझं मन हलकं झालं असेल. पण बाजारात माझ्याबद्दल बोलणारी बाई तुझी पत्रं वाचत नाही. आबांना सांग. सांगणार नसशील तर मला पुन्हा लिहू नको.

राबिया


राहू
२१ ऑगस्ट १९९८

राबिया,

सांगितलं.

दहा दिवस रोज ठरवत होते. सकाळी धारेला बसले की वाटायचं आता, मग दुधाची गाडी यायची, राहून जायचं. वैरण घालताना वाटायचं आता, तवा कुणी पाहुणा यायचा. तोंडाला अन्न लागत न्हवतं. काल दुपारी आबा हरणीच्या कालवडीला हिरवा लसूणघास घालत होते. मी जाऊन उभी राहिले आन् एका दमात सगळं बोलले. नटी, बांगड्या, परात, इनुसभाऊ काय म्हणाले, मी काय म्हणाले. काही ठेवलं न्हाई.

आबांनी घास घालणं थांबवलं न्हाई. पेंढी संपल्यावर हात झटकले आन् विचारलं, "मग त्यो तवा कशापायी बोलला न्हाई?"

मी म्हणाले, तुम्ही मला घराबाहेर काढाल म्हणून असंल.

आबा दावणीवर बसले. मला वाटलं मारतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "बिरदेवला मी सांगतो. तू मधी पडू नको."

यांनी काल सांजेपासून माझ्याशी बोलणं टाकलंय. आत्याबाईंनी एकच म्हटलं, हात तुझा व्हता व्हय. रडल्या. आज सकाळी आबा स्वच्छ धोतर नेसून, फेटा बांधून बाहेर पडले. कुठं जाता, कुणी विचारलं न्हाई.

मला माफ कर असं लिहायला पेन उचलत न्हाई.

सुषमा


शिरूर
२७ ऑगस्ट १९९८

सुषमा,

आबा त्या दिवशी आमच्याकडे आले होते. राहूहून जीपनं तळेगाव, तिथून एस.टी. शिरूरच्या स्टँडवर विचारत विचारत, पेंटर इनुस कुठं राहतो म्हणून. आमच्या गल्लीत एवढा मोठा फेटा कुणी पाहिला नव्हता, शेजारच्या बायका दारात आल्या. बरं झालं आल्या.

हे एक पाटी रंगवत बसले होते. उठून उभे राहिले, हाताला रंग तसाच. मी खुर्ची पुढं केली. आबा बसले नाहीत. उभ्यानंच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "चूक माझ्या घरात व्हती. मी ती तुमच्या दारात शोधली. मला वाईट वाटतं."

हे म्हणाले, आबा, आधी बसा तरी.

मग बसले. पाणी प्याले, चहा प्याले. हरणीबद्दल दोघं बराच वेळ बोलले, तिच्या कपाळाचा ठिपका कसा होता, ती गाडीचा आवाज ओळखायची ते. जाहिरातीबद्दल कुणीच बोललं नाही. जाताना आबा म्हणाले, शाळेची निम्मी भिंत अजून कोरी आहे, दुसऱ्यानं पाढे लिहून सोडून दिलं. हे म्हणाले, बघतो. नाही म्हणाले नाहीत, व्हय पण म्हणाले नाहीत. आता यांच्या वतीनं मी बोलायचं सोडलंय.

आबा गेल्यावर मी यांच्यासमोर बसले आणि माझ्या तोंडून जे जे निघालं होतं त्याबद्दल बोलले. ते तुला लिहिणार नाही, ते आमचं आहे. हे ऐकत पाटी रंगवत राहिले. एक अक्षर चुकलं. ते पुसलं आणि म्हणाले, तू आता गप्प बस, नाहीतर सगळं दुकान चुकीचं लिहीन. सहा महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो.

आता तुझं आणि माझं.

तुझ्या त्या उभं राहण्याचं मला कळतं, सुषमा. दिवे, बांगड्या, एवढी माणसं थांबलेली. माझाही हात तसाच पुढं गेला असता, खोटं का बोलू. कणकेचा मला राग नाही. बाजारात मी हात केला आणि तू पिशवी उचललीस, त्याचा आहे. तो जात नाही. काल कपडे धुताना वाटलं गेला, पीळ घालताना परत आला.

पण अझरुद्दीन रोज विचारतो, टीव्हीतली गाय तर गेली, मग तिचं वासरू कुठंय? त्याला ती कालवड दाखवायची आहे. पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं राहूला येतोय, आबांनी या म्हटलंय. माझ्यासाठी काही गोडधोड करू नको आणि पाया पडायला तर अजिबात येऊ नको. दारात उभी राहा फक्त, मान वर करून.

मी रागातच येईन. पण येईन.

राबिया